पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरात कॉर्कचा फळा कसा टिकवावा?

ओसरी (ठाणे)

नमस्कार. गेल्या वर्षी मे महिन्यात मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या हौसेने कॉर्कचा फळा केला होता आणि तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही. यंदा हे काम पुन्हा, पण नीट करायचे आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मी केले होते ते असे. 3 मिलिमीटर जाडीच्या कॉर्कची गुंडाळी आणली, 3 फूट बाय 2 फूट तुकडा कापला आणि पांढरा डिंक लावून तो थेट भिंतीवर चिकटवला. ही भिंत पश्चिमेची आहे आणि पावसाचा सगळा मारा तिच्यावरच येतो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की टाचणी थोडी आत जाऊन अडते, कारण तिचे टोक कॉर्क ओलांडून गिलाव्याला टेकते. त्यामुळे पंखा जोरात लावला की कागद टाचणीसकट खाली येत. जुलैच्या अखेरीस कडा सुटू लागल्या. ऑगस्टमध्ये एक कोपरा उचलून पाहिला तेव्हा मागे काळपट हिरवी बुरशी दिसली आणि कॉर्क ओढून काढताना भिंतीच्या रंगाचा हातभर पापुद्रा त्याच्याबरोबर निघून आला.

फळा मला शोभेसाठीच हवा आहे असे नाही. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, मुलाच्या पाचवीच्या वर्गाचे वेळापत्रक, सोसायटीच्या सूचना आणि वीजबिल हे सगळे सध्या फ्रिजच्या दारावर चुंबकांखाली थरावर थर होऊन पडलेले असते. गेल्या महिन्यात सहलीचे संमतिपत्र त्या थरातून वेळेवर सापडले नाही आणि मुलाची सहल हुकली, याचे मला फार वाईट वाटले. दोन अडचणी आणखी सांगते. सासूबाईंच्या बोटांना संधिवात असल्यामुळे त्यांना टाचणी दाबता किंवा उपटता येत नाही, आणि धाकटी मुलगी दीड वर्षाची असून जमिनीवर दिसेल ती वस्तू तोंडात घालते. अशा घरात कॉर्कचा फळा करावा का, करावा तर कशावर, किती जाडीचा आणि कोणत्या भिंतीवर?

रंधा (कोल्हापूर)

ताई, मी बरीच वर्षे सुतारकाम शिकवले आहे आणि असे सुटलेले, फुगलेले फळे पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमच्या फळ्याचे नुकसान झाले ते भिंत आणि कॉर्क यांच्यामध्ये हवेला वाटच नसल्यामुळे. कॉर्क सहसा पाणी पीत नाही. परंतु पश्चिमेच्या भिंतीत मुरलेली ओल खोलीच्या बाजूने बाहेर पडू पाहते, तिच्यावर कॉर्कचे झाकण बसले की ती मागेच कोंडते आणि पांढरा डिंक त्या ओलीत पुन्हा मऊ पडतो. बुरशीला वाढायला आणखी काय हवे? म्हणून पहिला नियम असा की फळा भिंतीला चिकटवायचा नाही, तो प्लायवर तयार करून भिंतीवर टांगायचा.

भिंत निवडताना एक साधी चाचणी करा. फूटभर लांबी-रुंदीचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला दव साचले असेल तर ओल भिंतीतून येते आहे आणि त्या जागी काहीही टांगू नये. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ते हवेतल्या दमटपणाचे आहे, त्याचा फारसा त्रास होत नाही. ही चाचणी भर पावसाळ्यात केलेली चांगली, कारण एप्रिलमध्ये प्रत्येक भिंत कोरडीच असते. तरीही दोन खोल्यांमधली आतली भिंत उपलब्ध असेल तर पश्चिमेच्या भिंतीचा विचारच करू नका.

आता जाडी. बाजारातल्या साध्या पुश पिनचे टोक साधारण 10 मिलिमीटर लांब असते. तुमचा कॉर्क 3 मिलिमीटरचा होता, म्हणजे टोकाचा दोन तृतीयांश भाग धरायला काहीच नव्हते. कॉर्क किमान 8 मिलिमीटर, शक्य असल्यास 10 मिलिमीटर जाडीचा घ्यावा. पातळ गुंडाळी घरात शिल्लक असेल तर तिचेच तीन थर एकावर एक चिकटवले तरी चालते आणि टाचणी उत्तम धरते. पैसे वाचवण्यासाठी पुष्कळजण मध्ये थर्मोकोल घालतात, पण रबरी चिकटद्रव्यातल्या द्रावकाने थर्मोकोल जागच्या जागी विरघळतो आणि फळ्यात खड्डे पडतात. पुठ्ठा आणि दाबलेल्या लाकडी तंतूंचा एमडीएफ दोन्ही दमट हवेत फुगतात. तुमच्याकडे 6 मिलिमीटरचा प्लाय घ्या आणि त्यावर आयएस 710 हा शिक्का पाहून घ्या. तो पाण्याला टिकणारा प्रकार आहे. आयएस 303 चा साधा प्लाय कोरड्या खोलीत चालतो, स्वयंपाकघरात मी तो वापरणार नाही.

कापताना कॉर्कवर एकदम जोर देऊ नये. पोलादी पट्टी धरून नव्या पात्याच्या कटरने चार-पाच हलके हात फिरवावेत, नाहीतर कडेचे दाणे उखडतात आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. प्लायच्या मागच्या बाजूला ऑइलपेंटचा एक हात आधीच देऊन ठेवावा, कारण एका बाजूने झाकलेला आणि दुसऱ्या बाजूने उघडा असलेला पातळ प्लाय पावसाळ्यात बाक धरतो.

चिकटवण्यासाठी रबरी चिकटद्रव्य वापरा. ते प्लायवर आणि कॉर्कवर, दोन्हीकडे पातळ पसरायचे, 10 ते 15 मिनिटे थांबायचे आणि बोट लावल्यावर ते बोटाला लागेनासे झाले की दोन्ही भाग एकत्र आणायचे. येथे घाई करणाऱ्यांचेच काम बिघडते. एकदा टेकले की ते सरकवता येत नाही, म्हणून प्लायवर हातभर अंतराने तीन-चार पातळ लाकडी पट्ट्या आडव्या ठेवाव्यात, त्यांच्यावर कॉर्क नेमका जुळवावा आणि मधली पट्टी प्रथम काढून तेथून कडेकडे दाबत जावे. दाबायला घरातले लाटणे सर्वांत सोयीचे. मधून बाहेर लाटत गेले की आतली हवा निघून जाते आणि फुगे राहत नाहीत. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा आणि शेगडी पेटलेली असताना तर मुळीच करू नका, कारण या द्रव्याची वाफ पेट घेते.

चौकटीसाठी नवी पट्टी आणलीच पाहिजे असे नाही. जुन्या मोठ्या फोटोची सागवानी चौकट घरात असेल तर काच काढून तिच्याच मापाचा प्लाय कापावा. कोपरे आधीच जुळलेले असल्यामुळे नवशिक्याचे निम्मे काम वाचते. टांगताना मागच्या चारही कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे रबरी तुकडे किंवा बाटलीच्या बुचाच्या चकत्या लावल्या की फळा भिंतीपासून सुटा राहतो आणि मागून हवा खेळते. तुमच्या मापाचा फळा चौकटीसह 4 किलोच्या आसपास भरेल. 6 मिलिमीटरचे भोक, त्यात प्लॅस्टिकचा प्लग आणि स्क्रू, असे दोन आधार त्याला पुरेत. दोन्ही भोके पाणसळीवर जुळवूनच पाडा.

दोरा_सुई (बेळगाव)

रंधाकाकांनी सांगितलेल्या कामात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, पण सासूबाईंच्या अडचणीवर मी एक उपाय वापरला आहे. त्यांच्यासाठी टाचणीचा फळा करू नका, फितीचा करा.

कॉर्क लावलेल्या प्लायवर पातळ फोमचा थर पसरायचा, त्यावर कापड ताणून बसवायचे आणि वरून तिरक्या फिती एकमेकींना छेदतील अशा, साधारण चार बोटांच्या अंतराने ओढून घ्यायच्या. फिती जेथे छेदतात तेथे एकेक टाका किंवा बटण घालायचे. कागद नुसता फितीखाली सरकवला की राहतो आणि ओढला की निघतो, बोटांना जोर लागत नाही. माझ्या आईला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या अशा फळ्यावर स्वतःच्या हाताने लावता येऊ लागल्या, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते.

कापड म्हणून मी गुळेदगुड्डचा खण वापरला. त्याचा पन्हा कमी असतो, त्यामुळे फळ्याचे माप ठरवण्यापूर्वी कापड मोजून घ्यावे. खण किंवा सुती कापड आधी एकदा पाण्यातून काढून इस्त्री करावे, म्हणजे पुढे आटत नाही. ताणताना चारही बाजूंच्या मध्यावर प्रथम एकेक स्टेपल मारावा आणि मग दोन्हीकडून थोडे थोडे करत कोपऱ्यांकडे जावे. एका टोकापासून सुरुवात केली तर काठ दुसऱ्या टोकाला बोटभर तिरका गेलेला दिसतो आणि सगळे उसवावे लागते. टाचणीचाही वापर होणार असेल तर जाड विणीचे सुती कापड घ्या. त्यातले भोक टाचणी काढल्यावर मिटते, गुळगुळीत रेशमी कापडात मात्र ते कायमचे दिसते.

लिस्बनकर (पोर्तुगाल)

नमस्कार. मी मूळचा पुण्याचा आणि नोकरीनिमित्त लिस्बनमध्ये राहतो. कॉर्क विकत घेताना काय पाहावे यावर थोडे लिहावेसे वाटते, कारण जगातला जवळजवळ निम्मा कॉर्क या देशात तयार होतो आणि तो झाडावरून उतरताना मी पाहिला आहे.

लिस्बनच्या आग्नेयेला आलेन्तेजो नावाचा प्रदेश आहे, तेथे ज्यांच्या सालीपासून कॉर्क मिळतो त्या ओक वृक्षांची विरळ राने पसरलेली आहेत. उन्हाळ्यात कामगार कुऱ्हाडीने सालीला उभी चीर देतात आणि कुऱ्हाडीचा दांडा पाचरीसारखा आत घालून अख्खी साल मोकळी करतात. झाड तोडले जात नाही. साल निघालेले खोड विटकरी तांबडे दिसते आणि त्यावर त्या वर्षाचा शेवटचा अंक पांढऱ्या रंगाने लिहितात, कारण कायद्याप्रमाणे पुढची साल किमान 9 वर्षांनीच काढता येते. पहिली साल काढण्यासाठी झाड साधारण 25 वर्षांचे व्हावे लागते. ती खडबडीत असते, बाटलीच्या बुचांना चालत नाही. ती साल आणि बुचे कापून उरलेले तुकडे दळून त्यांचे दाणे करतात, दाणे चिकटद्रव्यात मिसळून दाबतात आणि त्याच ठोकळ्यांचे तक्ते कापतात. आपल्या दुकानात फळ्यासाठी मिळतो तो बहुधा हाच कॉर्क.

म्हणून तक्ता घेताना दाणा पाहावा. बारीक आणि घट्ट दाबलेल्या दाण्यांचा तक्ता टाचणी काढल्यावर भोक बऱ्यापैकी मिटवून घेतो, जाड आणि सैल दाण्यांचा तक्ता वर्षभरात टाचण्यांच्या जागी भुगा सोडू लागतो. दुकानात एक कोपरा हळूच वाकवून पाहावा, दाणे सुटून हातात आले तर तो घेऊ नये. गुंडाळी घरी आणल्यावर ज्या खोलीत फळा लावायचा तेथेच ती दोन दिवस उलगडून, वर पुस्तकांचे ओझे ठेवून सपाट होऊ द्यावी आणि मगच कापावी.

आपल्याकडच्या बुचाच्या झाडाशी या ओकचा संबंध नाही, हेही सांगतो, कारण मला स्वतःला लहानपणी तसे वाटत असे. पुण्यात रस्त्याकडेला पावसाळा संपता संपता ज्याच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो आणि दोऱ्याशिवाय ज्यांची वेणी गुंफता येते, त्या झाडाची साल पूर्वी कॉर्कऐवजी हलक्या कामाला वापरत, त्यावरून त्याला ते नाव मिळाले.

भाड्याचे_घर (पुणे)

आमच्या घरमालकांना भिंतीला भोक पाडलेले चालत नाही, त्यामुळे आम्ही फळा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला आहे आणि दुसरा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे. दाराच्या आत लावताना दार बंद करून फळीची कड आणि दार यांच्यातले अंतर मोजावे. कॉर्कची जाडी आणि टाचणीचे डोके मिळून 2 सेंटिमीटर सहज होतात आणि दार लागत नाही. भिंतीवर डिस्टेंपर असेल तर चिकटपट्टीच्या आधारावर वजन टांगू नये, रंग पट्टीबरोबर निघून येतो.

फडताळ (नाशिक)

ओसरी, तुमच्या पत्रातली सहलीची गोष्ट मला फार लागली, कारण आमच्याकडेही एकदा असेच झाले होते. फळा उत्तम झाला तरी त्यावर काय लावायचे हे ठरवले नाही, तर सहा महिन्यांत त्याचे फ्रिजचे दार होते, म्हणून एवढेच सांगते.

आमच्या फळ्यावर कागदावर कागद लावायचा नाही, हा एकच नियम आहे. जागा संपली की नवा कागद लावणाऱ्याने एक जुना काढायचा. डावीकडचा पट्टा "या आठवड्यात" यासाठी आहे आणि तेथे फक्त तारीख असलेले कागद लागतात. ज्या कागदावर काही करून द्यायचे आहे, सही, पैसे किंवा उत्तर, त्याला लाल टाचणी. मुलाला त्या लाल टाचणीचा अर्थ पक्का कळतो आणि शाळेतून आल्यावर तो स्वतःच कागद लावतो. त्यासाठी फळ्याची खालची कड त्याच्या खांद्याच्या उंचीवर असावी लागते. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर टांगलेला फळा मुलांचा होत नाही.

उजवीकडे न बदलणारे कागद आहेत. आमच्याकडे तेथे मोठ्या अक्षरांत 112, रुग्णवाहिकेसाठी 108, गॅसगळतीसाठी 1906, आमच्या डॉक्टरांचा क्रमांक आणि गॅसचा ग्राहक क्रमांक एवढेच आहे. मूळ कागदपत्रे फळ्यावर लावू नयेत. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड, विम्याचे कागद, औषधांची मूळ चिठ्ठी यांची जागा फाइलमध्ये आहे, फळ्यावर त्यांची प्रत लावावी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरे तर काही महिन्यांत उडून जातात, त्यांची प्रत त्याच दिवशी काढलेली बरी.

कालनिर्णय मात्र फळ्यावर नको. ते जड असते आणि टाचणीला पेलत नाही. शेजारी स्वतंत्र खिळा मारून तेथेच त्याला राहू द्यावे. आमच्या सासूबाई दुधाचे खाडे त्यावरच मांडतात, ती त्यांची सवय फळ्यासाठी मोडावी असे मला वाटले नाही.

टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी घ्याव्यात. साध्या टाचण्या दमट हवेत गंजतात आणि कागदावर व कापडावर तांबडे डाग उतरतात.

ओसरी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. रंधाकाकांची चाचणी मी लगेच केली. गेले चार दिवस येथे संततधार आहे, त्यामुळे वेळही योग्य होती. पश्चिमेच्या भिंतीवरच्या प्लॅस्टिकमागे थेंब स्पष्ट दिसले, आणि स्वयंपाकघर व बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीवर दोन दिवसांनीही काहीच नव्हते. ती जागा शेगडीपासून 5 फूट दूर आहे. त्यामुळे जागा ठरली.

आता मनात असे आहे की 3 फूट बाय 2 फूट याच मापाचा एकच प्लाय घ्यावा, त्याच्या दोन भागांवर कॉर्क उघडा ठेवावा आणि तिसऱ्या भागावर सासूबाईंसाठी खणाचा फितीचा फळा करावा. त्यांनी त्यांच्या जुन्या साडीचा इरकली काठ फितींसाठी काढून दिला आहे. प्रश्न उरतो तो धाकटीचा. फळ्याची खालची कड मुलाच्या खांद्याशी आणायची तर ती साडेतीन फुटांवर येईल आणि खाली पडलेली टाचणी धाकटीच्या हाती लागण्याची भीती राहीलच.

रंधा (कोल्हापूर)

ताई, ती तीन वर्षांची होईपर्यंत उघड्या कॉर्कच्या खालच्या भागात टाचण्या वापरूच नका. खालच्या कडेपासून हातभर उंचीपर्यंत कॉर्कवर दोन आडव्या सुतळ्या ताणून चौकटीला बांधा आणि त्यांना कपडे वाळत घालण्याचे मोठे लाकडी चिमटे लावा. मुलाचे कागद त्या चिमट्यांत राहतील. वरच्या भागात, तुमच्याच हाताला येईल अशा उंचीवर, न बदलणाऱ्या कागदांना टाचण्या लावल्या तर त्या वारंवार काढाव्या लागणार नाहीत आणि पडणारही नाहीत. 10 मिलिमीटरच्या कॉर्कमध्ये पुरी गेलेली टाचणी पंख्याच्या वाऱ्याने सुटत नाही.

दोन भाग करणार असाल तर फितीचा भाग वेगळ्या प्लायवर करून चौकटीत शेजारी बसवा. कापड मळले की तेवढाच तुकडा स्क्रू काढून बाहेर घेता येईल. आणि चिकटवण्याचे काम पाऊस उघडल्यावर, चार कोरडी उन्हे पडल्यावर करा. सध्याच्या हवेत प्लायसुद्धा ओल धरून असतो.